शिकागोचा रॅपर 'कॉमन' नट झाला, मग त्याच्या गाण्याचं काय झालं?

रामबागकर (इंदूर)

अमेरिकन रॅपर कॉमन याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नाही त्यांनीही पडद्यावर त्याला पाहिलं असेल. 'सायलो' मालिकेतला तो कमी बोलणारा सिम्स, किंवा 'जॉन विक'च्या दुसऱ्या भागातला अंगरक्षक. माझ्या भाच्याच्या वयाची मुलं त्याला नट म्हणूनच ओळखतात. त्याच्याकडे ऑस्कर आहे आणि ते गाण्यासाठी मिळालंय, हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

खरं नाव लॉनी रशीद लिन. जन्म १९७२, शिकागोच्या दक्षिण भागात. आई शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका. वडील व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे. पहिला अल्बम १९९२ चा. तेव्हा तो 'कॉमन सेन्स' या नावाने गायचा. त्याच नावाच्या एका बँडने कोर्टात खेचलं म्हणून अर्धं नाव गेलं. सिनेमात तो २००७ च्या सुमारास आला आणि तेव्हापासून दोन्ही चालू आहे.

आता मुद्दा. समाजाबद्दल बोलणारा रॅपर सिनेमात गेला की बोथट होतो, असं सगळे धरूनच चालतात. कॉमनच्या बाबतीत मला नेमकं उलटं दिसतं. त्याचं सगळ्यात थेट बोलणारं काम सिनेमात बस्तान बसल्यानंतरचं आहे. २०१४ चा अल्बम शिकागोतल्या गोळीबारांवर, २०१६ चा काळ्या अमेरिकेवर. मला वाटतं, घर चालायची सोय पडद्यावरून झाली, तेव्हा रेकॉर्ड खपवण्यासाठी कोणाच्या मनासारखं लिहायची गरज उरली नाही. तुम्हाला काय वाटतं?

सराफ्यातलं घुबड

जॉन विकमधला तो? मेट्रो स्टेशनात गर्दीतून चालता चालता दोघं एकमेकांवर लपूनछपून गोळ्या झाडतात आणि आजूबाजूच्या लोकांना पत्ताच नाही, तो सीन? तो रॅपर आहे??

रामबागकर (इंदूर)

तोच, भिया.

मालवी_मिरची

रामबागकर, साफ असहमत.

सुरुवातीची वर्षं बघा. पहिल्या मोठ्या सिनेमात अंगरक्षक. 'अमेरिकन गँगस्टर'मध्ये अमली पदार्थांच्या धंदेवाल्याचा भाऊ. २००८ मध्ये एका सिनेमात पोलिस ज्याच्या मागावर आहेत असा गुन्हेगार, दुसऱ्यात मारेकऱ्यांना बंदूक शिकवणारा. २००९ मध्ये टर्मिनेटरमधला सैनिक. उंच, धिप्पाड, काळा माणूस म्हटला की हॉलिवूडला दुसरं काही सुचत नाही, हे मला कळतं. पण १९९४ साली ज्याने 'हिपहॉप बंदुकीच्या आणि पैशाच्या नादी लागलं' म्हणून अख्खं गाणं लिहिलं, त्यानेच पडद्यावर ती बंदूक हातात घ्यावी?

आणि तुमचं पोटाच्या सोयीचं गणित २००८ ला कोलमडतं. सिनेमे हातात होते, पैसे येत होते. मग त्या वर्षीचा अल्बम नाचगाण्याचा का? तो कोणाच्या दबावाने केला?

अनघा_लो.न.

२००८ चा तो अल्बम मलाही आवडत नाही. पण एक लक्षात घ्या, त्याच्या आधी २००२ मध्ये त्याने फार प्रयोग केले होते. रॉक, इलेक्ट्रॉनिक, काय काय. लोकांना तो पचला नाही आणि खपलाही नाही. मग २००५ चा अल्बम, बहुतेक सगळा शिकागोच्याच निर्माता-रॅपर कान्ये वेस्टने बांधलेला. घरगुती, जमिनीवरचा, शिकागोच्या गल्लीचा वास असलेला. त्यावर लोक पुन्हा त्याच्याकडे आले. २००८ चा मला पार्टीला जाऊन बघितल्यासारखा वाटतो. तिथे रमला नाही आणि परत आला.

शाहीरप्रेमी (देवास)

मिरचीताईंनी १९९४ च्या गाण्याचा विषय काढलाच आहे तर ती गोष्ट पूर्ण सांगतो, कारण तिचा शेवट याच धाग्याच्या विषयात येतो.

त्या गाण्यात एक बाई आहे. गाणारा लहानपणापासून तिच्या प्रेमात आहे. ती साधी होती, मनस्वी होती, मग देशाच्या पश्चिम किनाऱ्याच्या हवेत गेली, दिखाऊ झाली, पैशाच्या मागे लागली. शेवटच्या ओळीत कळतं की ती बाई म्हणजे हिपहॉप. ऐकताना आपल्याकडची जुनी परंपरा आठवते, देवाला प्रियकर करून त्याच्याशी भांडणारी. सगळा राग प्रेमातून येतो.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र ते झोंबलं. तिथल्या आइस क्यूब या रॅपरने नाव घेऊन टोमणा मारला. १९९६ मध्ये कॉमनने इतकं कडक उत्तर दिलं की आजही दोघांच्या भांडणातलं सरस म्हणून तेच ऐकतात. मग टुपाक आणि बिगी हे दोन मोठे रॅपर गोळीबारात गेले. शब्दांची भांडणं गोळीपर्यंत पोचतात हे सगळ्यांनी बघितलं. १९९७ मध्ये 'नेशन ऑफ इस्लाम'चे नेते लुई फराखान यांच्या घरी बैठक झाली आणि या दोघांनी मिटवलं.

आता पुढे. २०१६ साली शिकागोतल्या न्हाव्याच्या दुकानावर एक सिनेमा आला. भागातल्या टोळीयुद्धात पोरं मरताहेत आणि दुकानातली माणसं ते थांबवायला बघताहेत. त्या दुकानात कैची घेऊन उभे कोण? आइस क्यूब आणि कॉमन. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांची आईबहीण काढली ते दोघं एकाच आरशासमोर. हे गाण्यात जमलं नसतं, पडद्यावरच जमलं.

सराफ्यातलं घुबड

काका, तुम्ही कीर्तन करत असाल तर मी पुढच्या रांगेत बसणार.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

+१. फक्त एक भर. आइस क्यूब स्वतः १९९१ मध्येच नट झाला होता आणि टुपाक तर रॅपच्या आधी बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक शिकलेला. तेव्हा 'रॅपर सिनेमात गेला' यात नवल काहीच नाही. तिथे हा रस्ता जुना आहे.

दांडियाबाजार (वडोदरा)

मी नाटक शिकवतो, म्हणून एवढंच बोलतो.

रॅपरला नट करताना दिग्दर्शकांचा एक घोटाळा होतो. त्यांना वाटतं याच्याकडे आवाज आहे, लय आहे, संवाद सोपे जातील. पण रॅपर सोळा ओळींच्या कडव्यात श्वास कोंबायला शिकलेला असतो आणि प्रत्येक ओळ समोरच्या हजार माणसांना फेकतो. कॅमेऱ्यापुढे समोर एकच माणूस असतो आणि त्याचं ऐकायचं असतं. ऐकणं हे रॅपरच्या सवयीत नाही. कॉमनने रीतसर अभिनयाचे वर्ग केले आणि ते दिसतं.

जॉन विकच्या त्याच सिनेमात त्या मारामारीच्या शेवटी रेल्वेच्या डब्यात विक त्याच्या छातीत सुरा खुपसतो आणि सांगतो की तो महाधमनीत आहे, उपसलास तर रक्त जाऊन मरशील. म्हणजे उपसू नकोस, जगशील. व्यवसायबंधूला दिलेली सवलत. त्या वेळी कॉमनला वाक्य नाही. तो फक्त बाकावर बसतो. आधी सुऱ्याकडे बघतो, मग विककडे. राग, वेदना आणि 'बरोबर आहे तुझं' हे तिन्ही त्या चेहऱ्यावर क्रमाने येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो तुकडा आवाज बंद करून दाखवतो.

मिरचीताई, बंदूक हातात होती हे खरंच. पण त्या भूमिकांमध्ये तो शिकत होता.

मालवी_मिरची

सर, शिकण्यासाठी बंदूकच का, हा माझा प्रश्न तसाच राहतो. 🙂

नंदा_मावशी

मी तुमच्यासारखी गाणी ऐकणारी नाही, पण धागा रोज वाचतेय कारण आमच्या घरी हाच विषय पेटलाय.

माझ्या दिराचा मुलगा, वय वीस, रॅप करतो. हिंदीत, मधेच मराठी, मधेच आपली मालवी. त्याचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९२ ला बंद पडली. कामगारांचे पैसे मिळाले डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात किती जण गेले, आमचे मामंजीही गेले. धनादेश सासूबाईंच्या हातात आला. त्या दिवशी सासूबाईंनी तो देवाजवळ ठेवला आणि दुपारभर कोणाशी बोलल्या नाहीत. या मुलाने त्यावर लिहिलं. भोंगा, सायकली, मिलच्या झांकीत (चित्ररथात) अनंत चतुर्दशीला रात्रभर उभं राहणं, डब्यातली ज्वारीची भाकरी आणि कोर्टाची तारीख. गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीच्या मांडवात त्याने ते म्हटलं, तेव्हा मागे खुर्चीत बसलेले म्हातारे मिलवाले उठून पुढे आले.

त्याचा व्हिडिओ फिरला आणि आता एका वेबमालिकेच्या लोकांचा फोन आलाय. शूटिंग महेश्वरला आहे. भूमिका काय तर टोळीतला पोरगा, चार भागांत, दुसऱ्या भागात चाकू खातो. दीर म्हणतात जा. माझी जाऊ म्हणते, गाणं बिघडेल. मुलगा माझ्याकडे येऊन बसतो, 'मावशी तू सांग'. (मी काकू लागते, पण सगळे मावशीच म्हणतात.) मी काय सांगू?

अनघा_लो.न.

मावशी, ते गाणं इथे ऐकायला मिळेल का? भोंग्याचं वाचूनच घशात काहीतरी आलं. माझे आजोबा मालवा मिलला होते.

पोहे_आणि_शेव

मावशी, त्याला सांगा महेश्वरला शूटिंग आहे तर घाटावर सकाळी लवकर जा, तिथले पोहे बरे आहेत. आपल्या राजवाड्यासारखे नाहीत, पण बरे.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

पोह्यांवर वेगळा धागा काढा हो. 😄

शाहीरप्रेमी (देवास)

मावशी, मुलाला आपल्याच घरातली उदाहरणं दाखवा. शाहीर अमर शेख बघा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप पडली की मैदानं भरायची. तेच अमर शेख 'प्रपंच' सिनेमात मोठ्या भूमिकेत दिसतात. त्यामुळे त्यांची शाहिरी कमी झाली असं कोणी म्हणालं नाही.

आणि अगदी अलीकडचा 'कोर्ट'. २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. त्यात जो म्हातारा शाहीर खटल्यात अडकतो, ते वीरा साथीदार, नागपूरचे. आयुष्यभर चळवळीत काम केलेला माणूस, नट नव्हताच. गाणी संभाजी भगतांची. साथीदार यांनी कॅमेऱ्यापुढे वेगळं काही केलं नाही. जे रस्त्यावर करत होते तेच केलं. २०२१ मध्ये करोनात ते गेले.

म्हणून माझा प्रश्न एवढाच की भूमिका कोणती? चाकू खाणारा टोळीतला पोरगा कोणीही करेल. मिलवरचा रॅप दुसरं कोणी करणार नाही.

रामबागकर (इंदूर)

काका, यात थोडी अडचण आहे. साथीदार यांना पन्नाशी उलटल्यावर अशी भूमिका मिळाली जी त्यांच्यासाठीच होती. वीस वर्षांच्या मुलाला ती कोण देणार? कॉमनलाही पहिल्या फटक्यात मनाजोगतं मिळालं नाही. २०११ मध्ये 'हेल ऑन व्हील्स' मालिका आली. गुलामगिरीतून सुटलेला इलम फर्ग्युसन, रेल्वेमार्ग टाकणाऱ्या तळावर. सुटलाय पण तळावरचे गोरे त्याला माणूस मानत नाहीत. ती भूमिका त्याने २०१४ पर्यंत केली. पहिल्या सिनेमापासून तिथवर यायला चारेक वर्षं बहुतेक बंदूकच हातात होती. त्या पाट्या टाकल्या नसत्या तर इलम कोणी दिला असता?

अनघा_लो.न.

२०११ चीच अजून एक गोष्ट. त्या मे महिन्यात मिशेल ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये कवितेची संध्याकाळ ठेवली आणि कॉमनला बोलावलं. लगेच गदारोळ. उजव्या वाहिन्यांनी त्याला पोलिसद्वेष्टा ठरवला, न्यू जर्सीच्या पोलिस संघटनेनेही निषेध केला. कारण त्याचं २००० सालचं असाता शकूरवरचं गाणं. न्यू जर्सीच्या पोलिसाच्या खुनात तिला शिक्षा झाली होती, मग ती तुरुंगातून निसटून क्यूबात गेली. कॉमन तिला निर्दोष मानतो. त्याने गाणं मागे घेतलं नाही. गेला, कविता म्हटली, घरी आला.

रामबागकर म्हणतात त्यात तथ्य आहे. त्या वेळी तो फक्त रेकॉर्डवर जगत असता तर कंपनीचा फोन आला असता की जरा सांभाळून.

मालवी_मिरची

अनघा, हे पटण्यासारखं आहे. पण तुम्ही सगळे त्याला संत करताय म्हणून सांगते. सुरुवातीच्या गाण्यांत समलिंगी लोकांबद्दल फार हिणकस शब्द आहेत. सामाजिक जाणीव सगळ्यांसाठी नव्हती तेव्हा. २००२ च्या अल्बममध्ये एका गाण्यात मित्र त्याला आपण समलिंगी असल्याचं सांगतो आणि हा ते ऐकून आतून हलतो, तिथून बदल दिसतो. ऐकायला तो सिनेमात जायच्या आधीच शिकला होता, दांडियाबाजार सर.

दांडियाबाजार (वडोदरा)

हे गाणं मी आजच ऐकलं. मिरचीताई, मोठं काम केलंत. विद्यार्थ्यांना देणार.

सराफ्यातलं घुबड

ऑस्करचं कोणी सांगा ना. धागा इथवर आला आणि मुख्य गोष्ट राहिलीच.

रामबागकर (इंदूर)

सांगतो, मलाच सांगायचं होतं.

२०१४ चा 'सेल्मा'. दिग्दर्शक एव्हा डुव्हर्ने. १९६५ मध्ये अलाबामात काळ्यांना मतदार म्हणून नाव नोंदवू देत नव्हते. फेब्रुवारीत जिमी ली जॅक्सन नावाच्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेतले जेम्स बेव्हल यांनी सुचवलं की सेल्मापासून राजधानी माँटगोमेरीपर्यंत चालत जाऊन गव्हर्नरला जाब विचारू. ७ मार्चला माणसं निघाली, पुलावर पोचली आणि पोलिसांनी काठ्या आणि अश्रुधुराने झोडपलं. टीव्हीवर देशाने ते बघितलं. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

बेव्हलची भूमिका कॉमनची. छोटी आहे. डोक्याला चिकटलेली ती लहानशी टोपी घालून तो बैठकांमध्ये मागे बसलेला असतो. पण तो रोज त्या पुलाच्या गोष्टीत जगत होता आणि त्यातून गायक जॉन लेजेंडबरोबर केलेलं, सिनेमाच्या शेवटी वाजणारं 'ग्लोरी' हे गाणं आलं. गाण्यात तो १९६५ च्या पुलावरून थेट २०१४ च्या फर्ग्युसन शहरात येतो, जिथे त्या ऑगस्टमध्ये मायकल ब्राउन या निःशस्त्र तरुणाला पोलिसाने मारलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यालाच ऑस्कर मिळालं, तेव्हा रंगमंचावर तो पूल उभा केला होता. गाणं संपलं तेव्हा किंगची भूमिका केलेल्या डेव्हिड ओयेलोवोच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुढच्या वर्षी त्याच गाण्याला ग्रॅमीही मिळालं.

मिरचीताई, २००८ चा अल्बम फसला हे मला मान्यच आहे. पण नट म्हणून त्या खोलीत बसला नसता तर हे गाणं जन्मलंच नसतं.

मालवी_मिरची

वा. हे वाचताना काटा आला. पण तुमचा मूळ दावा पोटाच्या सोयीचा होता. आता तुम्ही वेगळंच सांगताय, की सिनेमाने त्याला विषय दिला. दोन्ही एक नाहीत.

आणि तिसरी शक्यता कोणी बोलतच नाही. २०१२ ला ट्रेव्हॉन मार्टिन हा निःशस्त्र काळा मुलगा मारला गेला, २०१४ ला फर्ग्युसन. देशच पेटला होता. जो कोणी लिहित होता त्याची लेखणी तेव्हा धारदार झाली. त्यात सिनेमाचं श्रेय काय?

लष्करवाले (ग्वाल्हेर)

फर्ग्युसन ऑगस्टमधलं. शिकागोवरचा अल्बम त्याच्या आधी, जुलैत आलाय. तो पोलिसांवर नाहीच, आपल्याच गल्लीतली पोरं एकमेकांना मारताहेत त्यावर आहे. त्यात त्याने शिकागोच्या नव्या पोरांना जागा दिली, लिल हर्ब वगैरे. ज्यांच्यावर बाहेरचे लोक नाकं मुरडतात त्यांनाच बोलू दिलं. चाळिशी ओलांडलेल्या रॅपरने असं करायला वेगळी हिंमत लागते.

अनघा_लो.न.

आपल्या इंदूरचं उदाहरण कोणी घेतलंच नाही! स्वानंद किरकिरे. मराठी घर, आईवडील शास्त्रीय गाणारे, मग दिल्लीला नाट्यविद्यालय. गीतकार म्हणून दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि मग मराठी 'चुंबक'साठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. त्यात ते जे पात्र करतात, बुद्धीने लहान राहिलेला भोळा माणूस, त्याच्यात गीतकार कुठेच दिसत नाही. गाणं थांबलं का? नाही.

आणि राहत इंदौरी साहेब. तरुणपणी पाट्या रंगवायचे, मग उर्दू शिकवली, हिंदी सिनेमाला गाणी दिली. पण मुशायऱ्यात उभे राहिले की सिनेमाचं कोणाला आठवायचंही नाही. सत्तेला तोंडावर बोलायचे. मावशी, मुलाला हे सांगा. हा त्याचाच गाव आहे.

नंदा_मावशी

तुम्हा सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री त्याला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. राहत साहेब पाट्या रंगवायचे हे ऐकून तो एकदम गप्प झाला, त्याचे वडीलही पेंटर आहेत. त्याने मला विचारलं, 'मी चाकू खाणारा केला तर लोक मिलचं गाणं ऐकतील का खरं मानून?' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दांडियाबाजार (वडोदरा)

मावशी, याचं उत्तर मी देतो, आणि हे माझं पक्कं मत आहे.

२०१८ चा एक सिनेमा आहे, 'द हेट यू गिव्ह'. सोळा वर्षांच्या मुलीसमोर पोलिस तिच्या मित्राला गाडीतून उतरवून गोळी घालतो. त्या मुलीचा मामा पोलिस आहे, काळा पोलिस. ती भूमिका कॉमनची. ती त्याला विचारते की असं का होतं. तो समजावतो: रात्र असते, गाडीत हात कुठे आहेत दिसत नाही, केसांचा ब्रश बंदूक वाटतो, काय काय डोक्यात येतं. ती ऐकून घेते आणि विचारते, मर्सिडीजमधला सूटवाला गोरा माणूस असता तर? गोळी घातली असतीस की हात वर करायला सांगितलं असतंस? तो थांबतो. मग खरं सांगतो. गोऱ्याला हात वर करायला सांगितलं असतं.

असाताचं गाणं लिहिणारा, पोलिस संघटना ज्याच्यावर चिडल्या तो माणूस पोलिसाच्या भूमिकेत शिरून आतून ते कसं दिसतं हे बोलतो. आणि त्यामुळे त्याचं गाणं खोटं होत नाही, अजून खोल जातं. कारण समोरच्याच्या चपलेत जाऊन आला तो. मुलाने टोळीतला पोरगा करावा. पण तो चाकू का खातो, तो घरी कोणाला काय सांगून निघाला होता, हे त्याने लेखकाला विचारावं. उत्तर असेल तर जावं. उत्तर नसेल तर जाऊ नये.

मालवी_मिरची

हा प्रतिसाद मी जपून ठेवणार. तरीही त्या मामाच्या संवादावर माझा राग आहे. मारेकऱ्याची बाजू इतकी नीट कोणी मांडावी का? ज्याच्या घरातलं पोरगं गेलंय त्याला ते ऐकवेल का?

दांडियाबाजार (वडोदरा)

ऐकवत नाही. त्या मुलीलाही ऐकवत नाही, म्हणून तर ती मर्सिडीजचा प्रश्न विचारते.

कायदेकानू (ग्वाल्हेर)

मी वकील आहे, बौद्धिक संपदेचं काम करतो. वादात पडत नाही. मावशींच्या मुलासाठी एवढं लिहून ठेवतो:

भूमिकेच्या करारात बहुतेक वेळा एक ओळ घुसडलेली असते की मालिकेच्या काळात कलाकाराने केलेलं सगळं निर्मात्याचं. ती ओळ काढून घ्यायची. मिलचं गाणं मालिकेत वापरायचं असेल तर त्याचा करार वेगळा, पैसे वेगळे. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा निर्मात्याला सही करून देऊन टाकता येत नाही. सही घेतली तरी ती टिकत नाही. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवायचं. आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी सोसायटीचं, आयपीआरएसचं, सभासदत्व घ्यायचं. करार मला पाठवा, बघून देईन. फी नको.

पोहे_आणि_शेव

वकीलसाहेब, इंदूरला आलात की जिलबी माझ्याकडून.

नंदा_मावशी

वकीलदादा, देव तुमचं भलं करो. करार आला की पाठवते. सरांचा प्रश्न त्याने लेखकाला फोनवर विचारला. तो पोरगा घरी आजीला 'दूध आणायला जातो' सांगून निघालाय, असं लेखक म्हणाले. हे आधी लिहिलेलं नव्हतं, त्यांनी विचार करून सांगितलं आणि आता तो सीन घालणार म्हणतात.

शाहीरप्रेमी (देवास)

शाब्बास!

रामबागकर (इंदूर)

फार आनंद झाला, मावशी.

मिरचीताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं राहिलं होतं, पोटाची सोय की विषय की देशातली आग. मी एक साखळी दाखवतो. सेल्मामुळे कॉमन आणि एव्हा डुव्हर्ने जोडले गेले. २०१६ मध्ये तिने अमेरिकेतल्या तुरुंगांवर माहितीपट केला. राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालू ठेवली, त्या पळवाटेवर. त्यासाठी तिने कॉमनकडे गाणं मागितलं. त्याने तुरुंगाचं गाणं लिहिलं, त्यावर टीव्हीचं एमी मिळालं आणि तेच गाणं त्याच्या २०१६ च्या अल्बमचा शेवट आहे. मग तो तिथेच थांबला नाही. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांमध्ये जाऊन कैद्यांपुढे गायला, त्यांच्याशी बोलत बसला.

देशातली आग सगळ्यांसाठी होती हे बरोबर. पण ती या गाण्यापर्यंत कशी पोचली, त्यातला प्रत्येक टप्पा सिनेमातून जातो. पोटाच्या सोयीचं मी अजूनही सोडत नाही. २०११ च्या गदारोळात तो ताठ उभा राहिला तो त्याच बळावर.

मालवी_मिरची

साखळी मान्य. पोटाची सोय अमान्य. तो १९९४ ला खिशात काही नसतानाही ताठच होता.

सराफ्यातलं घुबड

ज्याने एकही ऐकलेलं नाही त्याने कुठून सुरू करू?

मालवी_मिरची

२००५ चा. एका बैठकीत होतो, लांब नाही. मग १९९४ चं ते गाणं. मग २०१४ चा, हेडफोन लावून, एकट्याने. २००८ चा नंतर बघ, वेळ उरला तर.

रामबागकर (इंदूर)

या यादीशी मात्र शंभर टक्के सहमत.